कोलारची खोली आणि तिचे मोल

बंगळूर शहराच्या मध्यभागी लॅव्हेल रोड नावाचा एक रस्ता आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, तो मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल हा आयरिश सैनिक न्यूझीलंडमधील माओरी युद्धानंतर निवृत्त होऊन बंगळूरच्या छावणीत राहावयास आला होता. लेफ्टनंट जॉन वॉरन याने १८०२ मध्ये कोलार भागातील सोन्याविषयी केलेली पाहणी त्याच्या वाचनात आली आणि १८७३ मध्ये त्याने खाणकामाचा परवाना मागितला. १८७५ मध्ये परवाना मिळाला. भांडवल मात्र नव्हते. लवकरच त्याचे हक्क लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मंडळाकडे गेले आणि १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीने सूत्रे हाती घेतली. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या या माळरानाचे भवितव्य तेव्हापासून लंडनच्या भागबाजारात ठरू लागले.

सोन्याच्या खाणीचा भाग विकत घेणे म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूवर पैसे लावणे होय. खडकात शीर कोठे आहे, ती किती खोल जाते, मध्येच तुटते काय, हे खणल्यावाचून कळत नाही. आणि खणण्यासाठी पैसा आधी लागतो. म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल पहिल्या काही वर्षांतच संपत आले, भागाची किंमत नाममात्र उरली आणि कंपनी गुंडाळावी असे अनेक भागधारक म्हणू लागले. उरलेली रक्कम आणखी खोल जाण्यात घालावी, हा टेलर यांचा आग्रह अखेरीस मान्य झाला. कॅप्टन प्लमर या व्यवस्थापकाने जुन्या, पुरातन काळी सोडून दिलेल्या खोदकामाच्या खाली शोध घेतला आणि तेथे चॅम्पियन शीर सापडली. ज्यांनी घाबरून भाग विकले ते बुडाले. ज्यांनी ठेवले त्यांना पुढे अनेक दशके लाभांश मिळत राहिला.

ही शीर तिरपी होत खाली खाली जात होती. तिच्या मागे जाणे एवढाच खाणीचा कार्यक्रम होता. त्यामुळे प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीपेक्षा खोल उतरावे लागले. यंत्रांसाठी शक्ती हवी म्हणून कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारण्यात आले आणि १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज कोलारच्या खाणीत पोहोचली. खुद्द बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. राजधानीच्या रस्त्यांआधी खाणीला वीज मिळाली, यात नवल नाही. उत्पन्नावर म्हैसूर संस्थानाला पाच टक्के स्वामित्वधन मिळत होते. विसाव्या शतकात चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या खोलीवर खडकाचे स्वतःचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे असते.

तेथे काम कोण करीत होते? देखरेखीची कामे कॉर्नवॉलहून आणलेल्या खाणकऱ्यांकडे, इतर युरोपियनांकडे आणि अँग्लो-इंडियनांकडे होती. खाली खडक फोडणारे आणि माल वाहणारे हजारो मजूर मुख्यतः उत्तर व दक्षिण अर्काट जिल्ह्यांतून आलेले तमिळभाषक दलित होते. गावातील जातीची चाकरी सोडून ते रोख वेतनाकडे आले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. साहेबांच्या बंगल्यांना बागा आणि क्लब होते. मजुरांच्या वाट्याला तट्ट्यांच्या झोपड्या आल्या. सोन्याच्या चोरीच्या भीतीने १८९७ चा खाणविषयक कायदा करण्यात आला आणि मजूर सतत संशयाच्या छायेत राहिला. १९३० मध्ये सर्वांचे बोटांचे ठसे घेण्याचे ठरले तेव्हा मजुरांनी संप केला. वेतनाइतकाच तो मानाचाही प्रश्न होता, असे मला वाटते. खडकाचा दाब अचानक सुटून होणारे स्फोट आणि फुप्फुसांत साठणारी गारगोटीची धूळ यांनी किती आयुष्ये संपविली, याचा हिशेब लाभांशाच्या तक्त्यात कधी मांडला गेला नाही.

याच १९३० साली युरोपात वुल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. काही अणुकेंद्रांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. ती तूट भरून काढण्यासाठी, विद्युतभार नसलेला आणि जवळजवळ कशाशीही न अडखळणारा एक कण असला पाहिजे, असे त्याने सुचविले. हाच न्यूट्रिनो. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार तो अणूवर आदळण्याची शक्यता शून्य नाही, परंतु इतकी अल्प आहे की पृथ्वीच्या आरपार जाणेही त्याला सहज साधते. असा कण पकडावयाचा कसा?

अडचण कणाच्या दुर्मिळतेची नव्हती; दर सेकंदास अब्जावधी न्यूट्रिनो आपल्या शरीरातून जातात. अडचण गोंगाटाची होती. आकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. पृथ्वीतलावर आपल्या तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. बाजारातील कोलाहलात कुजबुज ऐकू येत नाही, तसेच हे होय. म्यूऑन थांबवावयाचे तर वर प्रचंड जाडीचा खडक हवा. आणि तो कोलारला होता.

होमी भाभा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करीत होते. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था प्रथम बंगळूरमध्येच सुरू झाली व त्याच वर्षी मुंबईस गेली. त्यांच्या सूचनेवरून १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकंठन हे तरुण शास्त्रज्ञ उपकरणे घेऊन कोलारच्या खाणीत उतरले. पुढील दशकात वेगवेगळ्या खोलींवर म्यूऑन मोजण्यात आले. सर्वांत खोल ठिकाणी, सुमारे २,७६० मीटरवर, उपकरणे कित्येक आठवडे चालू ठेवूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. इतर कोणी या निष्फळतेने खट्टू झाला असता. या मंडळींनी ओळखले की न्यूट्रिनोसाठी हवी असलेली शांतता हीच.

मुंबई, ओसाका आणि डरहॅम येथील शास्त्रज्ञांनी मिळून सुमारे २,३०० मीटर खोलीवर प्रस्फुरकांच्या उभ्या भिंती आणि निऑन नळ्या मांडल्या. भिंती उभ्या का? वरून येणारा एखादा म्यूऑन खडक भेदून पोहोचू शकतो. पण आडव्या दिशेने येणाऱ्याला कितीतरी अधिक खडक ओलांडावा लागेल, आणि ते अशक्य आहे. म्हणून आडवा येणारा म्यूऑन हा शेजारच्या खडकातच, न्यूट्रिनोच्या आघाताने जन्मलेला असला पाहिजे. १९६५ मध्ये अशा नोंदी मिळाल्या. वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. त्याच सुमारास फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाला दक्षिण आफ्रिकेत तसेच यश मिळाले, तेही सोन्याच्याच खाणीत. हा योगायोग नव्हे. इतके खोल खणण्यास पैसा लावणारा दुसरा धंदा तेव्हा नव्हताच म्हटले तरी चालेल.

१९८० च्या अखेरीस कोलारमध्ये त्याहून धाडसी प्रयोग सुरू झाला. प्रोटॉन अमर नसावा, असे नव्या सिद्धांतांचे भाकीत होते. मात्र त्याचे सरासरी आयुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पटींनी मोठे. एका प्रोटॉनवर इतका काळ नजर ठेवणे अशक्य. पण असंख्य कणांवर काही वर्षे नजर ठेवली तर एखादा फुटताना दिसू शकतो. १४० टन लोखंडाचे थर रचून त्यांच्यामध्ये गणक बसविण्यात आले. प्रोटॉनच्या ऱ्हासासारख्या दिसणाऱ्या काही घटना गटाने जाहीर केल्या, परंतु अमेरिका व जपानमधील मोठ्या उपकरणांनी त्यांना दुजोरा दिला नाही. आजही प्रोटॉन फुटताना कोणी पाहिलेला नाही.

शास्त्रज्ञांना ही खोली आयती मिळाली होती. विहीर त्यांनी खणली नव्हती, पाणी उपसण्याचा आणि हवा खेळविण्याचा खर्च खाण करीत होती. आणि खाणीची स्थिती आता बिकट होती. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या व १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड स्थापन झाली. जगात १९३४ पासून १९७१ पर्यंत सोन्याचा अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. मुंबईच्या झवेरी बाजारात सोने त्याहून पुष्कळ महाग विकले जाई, पण सरकारी हिशेबात कोलारच्या सोन्याचे मोल बराच काळ अधिकृत दरानेच धरले गेले. नंतर दर मोकळे झाले, १९८० च्या जानेवारीत लंडनला ते ८५० डॉलरवर पोहोचले, तोवर कोलारची शीर क्षीण झाली होती. प्रयोग १९९० नंतर आवरते घ्यावे लागले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या.

उपसा थांबताच पाणी वर चढू लागले आणि प्रयोगशाळेच्या कोठड्या खाणीबरोबर बुडाल्या. वर उरल्या त्या सायनाइडने धुतलेल्या मातीच्या उघड्या टेकड्या आणि मजुरांच्या वसाहती. त्या मजुरांची मुले-नातवंडे आज मोठ्या संख्येने पहाटेच्या गाड्यांनी बंगळूरला कामावर जातात आणि रात्री परततात.