लघवीची गोळी सोडू नका, वेळ बदलून घ्या



वेदगंगा-दूधगंगेवर किंवा हिडकलच्या पाण्यात पहाटे जाळं काढायला जाणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना बीपी आहे. डॉक्टर गोळी देतात, पण "होडीत बसलं की सारखं लघवीला होतंय, काम कसं करायचं?" म्हणून ती परस्पर बंद होते. धोका इथंच आहे. बीपी दुखत नाही. कित्येकांना ते कळतं थेट लकवा मारल्यावर.

ही गोळी म्हणजे क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा इंडापामाइड. बऱ्याचदा ती बीपीच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते. मूत्रपिंडातून जादा मीठ आणि पाणी बाहेर काढणं हे तिचं काम. सुरुवातीला लघवी वाढते, पण काही आठवड्यांत हा त्रास बहुतेकांचा कमी होतो. बीपी मात्र आटोक्यात राहतं. औषध जुनं, स्वस्त, पण कमी नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑलहॅट' या मोठ्या अभ्यासात ३३,३५७ रुग्ण होते. त्यात क्लोरथॅलिडोन महागड्या नव्या औषधांपेक्षा कुठं मागं पडलं नाही.

मग पहाटेच्या फेरीचं काय? डॉक्टरांना आपल्या कामाची वेळ सांगा. जाळं काढून घरी आल्यावर गोळी घेतली तर चालेल का, हे विचारा. रोज एकच वेळ पाळा.

एवढं लक्षात ठेवा:

• लघवी नको म्हणून पाणी पिणं टाळू नका. एप्रिल-मेच्या उन्हात चक्कर येते.
• पायात गोळे, फार थकवा, छातीत धडधड असेल तर रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासा. अंगठा सुजून ठणकला तर युरिक अ‍ॅसिड बघा.
• जाळं ओढून कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनानं घेऊ नका. त्यानं बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो.
• जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
• पायाच्या सुजेवर शेजाऱ्याला दिलेली लॅसिक्स वेगळी असते. ती उसनी घेऊ नका.
• खारवलेली मासळी, लोणचं, पापड बेतानंच. दिवसाला सगळं मिळून मीठ एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत.

तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी, घरातल्या बायकांनीही, जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्यावं. होडीची डागडुजी आपण पावसाआधी करतो, होडी फुटायची वाट बघत नाही.