नाचल्याने रक्त वाढतं का?

भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपल्या सदरमधल्या साठी ओलांडलेल्या आयाबायाही ताल धरतात. "रोज असं नाचलं तर रक्त वाढेल का?" असं त्या मला विचारतात.

नुसत्या नाचण्याने हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही. त्याला लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ लागतं. नाचाचा खरा फायदा रक्तातल्या साखरेला आणि चरबीला होतो. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिन नीट काम करत नसलं तरी. पाळी गेल्यावर वाढणारी चरबीही आटोक्यात राहायला मदत होते. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. (पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांना त्या दिवशी नाच वर्ज्य, त्यांनी भराभर चालावं.)

पण दोन गाण्यांतच धाप लागत असेल, डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. "वय झालं" म्हणून कोणी टॉनिक देऊन परत पाठवलं, तर तिथून हलू नका. पाळी बंद आहे, मग रक्त जातं कुठं, हे विचारा. मूळव्याध असेल, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोटात जखम झाली असेल, किडनीचा त्रास असेल. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होतं.

विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेल आहे. तरुणपणी तपासणी झाली नसेल तर आता मेयो किंवा मेडिकलमध्ये करून घ्या. एएस म्हणजे वाहक. तिने खुशाल नाचावं, पण एप्रिलच्या उन्हात पाणी पीत, थांबत थांबत. एसएस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायामही नको आणि लोहाच्या गोळ्याही नकोत.

आणखी एक, जे दवाखान्याच्या घाईत सांगायचं राहतं. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी तांबड्या पेशींवरून होते. त्या साधारण १२० दिवस जगतात; एसएसमध्ये मात्र १०-२० दिवसच. त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. अशा बाईने उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी, आणि सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांना आधी दाखवावं.