ताटात भात नसताना काढलेलं रक्त

अंधेरीत किंवा बोरिवलीत इन्सुलिनची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी बहुतेक वेळा कुणी मागत नाही. मोबाइलवर वेळ ठरवली की सकाळी ऑफिसला निघण्याआधी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्या रिपोर्टचा अर्थ मात्र बहुतेक जण घरीच लावतात, शेजाऱ्याच्या रिपोर्टशी ताडून.

‘फास्टिंग इन्सुलिन’ हे शब्द मराठी घरांत पोचवण्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा वाटा मोठा आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत त्यांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं. सुरुवात करण्याआधी फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीए१सी करून घ्या, असंही ते सांगत आले. त्यांचा आहार म्हणजे लो-कार्ब नव्हे. त्यात पोळी-भाजी, वरण-भात असतो. पण इन्सुलिनचा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर अनेकांनी पुढची पायरी गाठली. पोहे, साबुदाणा, भात, पोळी बंद झालं आणि अंडी, पनीर, मासे, शेंगदाणे, पालेभाज्या आल्या. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतीयांच्या जेवणातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. त्यामुळे ती कमी करण्यात पुष्कळांचं हितच आहे. माझा आक्षेप आहाराला नाही. या तपासण्यांचे आकडे नेहमीचं जेवण जेवणाऱ्या माणसांवरून ठरले, हे रिपोर्ट वाचताना विसरलं जातं, तिथे आहे.

“इन्सुलिन रेंजमध्ये आलं, म्हणजे रेझिस्टन्स नाही.”

अनेक लॅबच्या रिपोर्टवर फास्टिंग इन्सुलिनची रेंज २.६ ते २४.९ अशी छापलेली असते. समजा तुमचं इन्सुलिन २० आहे आणि उपाशीपोटी शुगर ९८. दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतात. आता त्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागा. उत्तर येतं ४.८. हाच होमा-आयआर. १९८५ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. सर्वमान्य सीमारेषा नसली तरी २ ते २.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची, शंका घेण्याची पद्धत आहे; ४.८ तर बराच वर झाला. शुगर ९८ वर रोखून धरायला स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय, ते इथे दिसतं.

पण हा आकडा फार ताणूही नये. इन्सुलिन रक्तात एकसारखं झिरपत नाही, लाटांनी येतं. म्हणूनच मूळ पद्धतीत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन सरासरी काढायची होती. आपल्याकडे एकाच नमुन्यावर भागतं. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचं इन्सुलिन वेगवेगळं येऊ शकतं. गेल्या वेळी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये होमा २.१ आणि यंदा मुलुंडच्या दुसऱ्या लॅबमध्ये २.६ आला, तर त्यावरून बिघडलं असं म्हणता येत नाही. तुलना करायची तर लॅब तीच ठेवा.

“होमा एकच्या आसपास आहे, आता काळजी मिटली.”

ही समजूत मला सर्वांत जास्त धोक्याची वाटते. शुगर १७० आणि इन्सुलिन ३ असेल तर गणित येतं १.२६. दिसायला उत्तम. प्रत्यक्षात त्या माणसाचं स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन बनवतच नसेल. वजन आपोआप उतरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, तहान भागत नाही, आणि घरचे म्हणताहेत की डाएट छान लागू पडलं, अशी स्थिती असेल तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जायला हवं. अशा वेळी सी-पेप्टाइड आणि गॅड अँटिबॉडी या तपासण्या कामाच्या असतात, होमा नाही. टाइप १ मधुमेह मोठेपणीही सुरू होतो.

“भात सोडला तरी सकाळची शुगर वाढली, डाएट अंगाशी आलं.”

लो-कार्ब खाणाऱ्यांना सर्वांत जास्त घाबरवणारा रिपोर्ट हाच. आधी फास्टिंग ९२ होती, तीन महिन्यांनी १०४. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय’.

शरीरात काय झालं ते पाहू. कर्बोदकं कमी मिळू लागली की स्नायू चरबी जाळायला लागतात. चरबीवर चालणारा स्नायू ग्लुकोज कमी उचलतो, हे फिलिप रँडल यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. ग्लुकोज मेंदूसाठी आणि तांबड्या पेशींसाठी राखून ठेवलं जातं, आणि यकृत ते थोडंथोडं तयार करत राहतं. पहाटे शरीराला जागं करणारी संप्रेरकं त्यात भर घालतात. मग सकाळच्या नमुन्यात शुगर काही अंकांनी वर दिसू शकते. अशा वेळी शेजारचा इन्सुलिनचा आकडा बघा. आधी शुगर ९२ आणि इन्सुलिन १८ होतं तेव्हा होमा ४.१ होता, आता १०४ आणि ४ असेल तर तो १ च्या जवळ आला. शुगर वाढली, पण तिच्यामागचा ताण उतरला. ट्रायग्लिसराइड खाली आणि एचडीएल वर गेलं असेल, कमरेचा घेर उतरला असेल, तर चित्र आणखी स्पष्ट होतं.

याची ढाल मात्र करू नका. फास्टिंग १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली, किंवा एचबीए१सी दर वेळी चढत असेल, तर ‘लो-कार्बमुळे असं होतंच’ म्हणून सोडून देणं घातक आहे.

“पीपी नॉर्मल आली.”

जेवणात दोन अंडी, पनीर आणि काकडी असेल तर दोन तासांनी मोजलेली ही शुगर नॉर्मल येणारच. शरीर कर्बोदकं पेलू शकतं की नाही, हे त्यातून कळत नाही. इतकंच कळतं की आज ती फारशी दिली नव्हती.

“ग्लुकोजचं पाणी पिऊन टेस्ट केली, १८५ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.”

ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमध्ये उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, २०० पासून पुढे मधुमेह. शरीर कर्बोदकं कशी हाताळतं हे पाहायला ही तपासणी खरोखर चांगली आहे. पण तिची एक अट आहे आणि ती लॅबच्या काउंटरवर क्वचितच कानावर पडते: आधीचे किमान तीन दिवस रोज दीडशे ग्रॅम तरी कर्बोदकं खाल्लेली असली पाहिजेत.

ही अट नवी नाही. आदल्या दिवसांतल्या जेवणावर या तपासणीचा निकाल हलतो, हे हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी लंडनमध्ये १९३० च्या दशकात दाखवलं. मधुमेहींमध्ये इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन प्रकार असतात, हे १९३६ मध्ये मांडणारे तेच. अमेरिकेत जेरोम कॉन यांनी १९४० मध्ये या तपासणीआधी ठरावीक आहार हवाच, असं आग्रहाने लिहिलं. महिनोन्महिने कर्बोदकं कमी असली की पोटात एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज गेल्यावर इन्सुलिनचा पहिला जोर कमी पडतो आणि स्नायूंना चरबी सोडून ग्लुकोजकडे वळायला वेळ लागतो. निरोगी माणसाचा आकडाही त्यामुळे प्रीडायबेटिसच्या रकान्यात जाऊ शकतो.

दीडशे ग्रॅम म्हणजे आपल्या ताटात किती? साधारण चार मध्यम पोळ्या, दोन लहान वाट्या भात, वाटीभर वरण आणि एक केळं. तीन दिवस इतकं खाऊन चौथ्या दिवशी सकाळी तपासणी करावी. ज्यांना मधुमेह असल्याचं ठरलंच आहे, त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. आणि गरोदरपणातल्या ग्लुकोज तपासणीबद्दल प्रसूतितज्ज्ञ सांगतील ते ऐकावं, आपण काय खातो ते त्यांना आधी सांगावं, पण ‘मी लो-कार्बवर आहे’ म्हणून ती टाळू नये.

“मग एचबीए१सी तरी पक्की.”

तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी ही तपासणी तुम्ही काल काय जेवलात याने हलत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर ती खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आहे. रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर ती कमी दिसते. मुलुंड-घाटकोपरच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: कच्छी भानुशाली, लोहाणा आणि सिंधी समाजांत बीटा थॅलेसेमियाची जनुकं वाहणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्यांना स्वतःला त्रास नसतो, अनेकांना ठाऊकही नसतं, पण एचबीए१सीचा अंदाज त्यामुळे चुकू शकतो. आकडा घरच्या ग्लुकोमीटरशी जुळत नसेल तर सीबीसी बघा, आणि गरज पडली तर डॉक्टरांना हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल विचारा.

“लॅब मोठी, म्हणजे रिपोर्ट बिनचूक.”

आकडा यंत्रावर चढण्याआधीच बिघडू शकतो. रक्त साध्या नळीत ठेवलं तर त्यातल्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि शुगर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरू शकते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड नळी असते. इन्सुलिनचं वेगळं: नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातून सुटणारं एंझाइम इन्सुलिनच तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. बॅगेत तासन्‌तास फिरून पाऊस आणि ट्रॅफिकमधून लॅबला पोचणाऱ्या नमुन्यापेक्षा स्वतः लॅबमध्ये जाऊन दिलेलं रक्त मला जास्त भरवशाचं वाटतं. निदान इन्सुलिनपुरती तेवढी तसदी घ्यावी.

दुसरी गोष्ट बायोटिनची. झपाट्याने वजन उतरलं की केस गळतात, मग केसांसाठी पाच-दहा मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात. काही यंत्रांची पद्धत बायोटिनवरच बेतलेली असते; तिथे रक्तातलं जास्तीचं बायोटिन इन्सुलिनचा आकडा खोटा कमी दाखवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बायोटिनमुळे तपासण्या चुकतात, असा इशारा २०१७ मध्ये दिला. रक्त देण्याआधी किती दिवस गोळी थांबवायची, ते लॅबला विचारून घ्या.

रिपोर्टवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची खूण आहे का, आणि सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची आहे का, हेही बघा. तशी सही हवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

“मी बारीक आहे, मला कसला रेझिस्टन्स?”

याचं उत्तर पुण्याने जगाला दिलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून याज्ञिकांनी दाखवलं की आपली बाळं वजनाने हलकी असूनही चरबी राखून जन्मतात; नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही त्यांच्यात जास्त आढळलं. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक सांगून जाते. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८०. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी जाड, मखमली आणि काळसर झाली असेल, तर ती मळाची खूण नसून बहुधा इन्सुलिनची आहे. पीसीओएस असलेल्या मुलींना लॅबची पॅकेजेस हमखास इन्सुलिन तपासायला लावतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र नेहमीच्या उपचारांत इन्सुलिन मोजण्याऐवजी ग्लुकोज टॉलरन्स टेस्टला पसंती देतात.

“रिपोर्ट सुधारले, आता गोळ्या कशाला?”

गोळ्या स्वतः बंद करणं चूक, आणि लो-कार्ब सुरू करून त्या तशाच चालू ठेवणंही चूक. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असताना भात-पोळी एकदम सोडली तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस कमी करायचा निर्णय आहार बदलण्याच्या आधी डॉक्टरांसोबत व्हायला हवा. मधुमेह ‘कायमचा गेला’ हेही घाईचं बोलणं. औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तर त्याला रेमिशन म्हणावं, असं २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं, आणि त्यानंतरही दर वर्षी तपासणी चालू ठेवायला सांगितलं.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि पेटंट संपल्यावर त्या स्वस्त होऊन घरोघरी पोचल्या आहेत. त्यांच्यासोबत कडक लो-कार्ब किंवा लांबलचक उपास केला तर रक्तात कीटोन्स साचून ते आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेव्हा शुगर अनेकदा २५० च्या आतच असते. ग्लुकोमीटर पाहून घरचे निर्धास्त राहतात, कधी डॉक्टरही चकतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, विलक्षण थकवा यांतलं काही सुरू झालं तर शुगर १६० दिसली तरी थांबू नका. राजावाडी असो, कूपर असो की जवळचं खासगी रुग्णालय, कॅज्युअल्टीत गेल्याबरोबर गोळीचं नाव सांगा, लो-कार्बवर आहोत हे सांगा, आणि रक्तातले कीटोन्स आणि एबीजी तपासायला सांगा.