संकेतस्थळासाठी चित्रफीत सिद्ध करताना

औषधनिर्मितीची प्रात्यक्षिके, वनस्पतींची ओळख, पथ्यापथ्याचे मार्गदर्शन असे विषय अनेक वैद्य व औषधालयांचे चालक आज चित्रफितींद्वारे संकेतस्थळावर मांडीत आहेत. चित्रीकरण आणि संकलन कष्टपूर्वक केले जाते. मात्र संकलित चित्रफितीची संकेतस्थळायोग्य फाईल तयार करण्याची अखेरची पायरी, अर्थात एक्स्पोर्ट, बहुधा घाईने उरकली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही याच पायरीचा विचार करणार आहोत.

अवलेहाच्या पाकसिद्धीचे उदाहरण घेऊ. तंतुमत्त्व, पाण्यात बुडणे, दाबल्यास ठसा उमटणे ही शार्ङ्गधरोक्त लक्षणे नवशिक्यास प्रत्यक्ष दिसावीत, हाच अशा चित्रफितीचा हेतू असतो. एक्स्पोर्ट करताना काटछाट अधिक झाली की बारीक तंतू पुसट होतो व आम पाक कोणता, सिद्ध पाक कोणता हे कळेनासे होते. अशी चित्रफीत पाहून केलेले औषध बिघडल्यास दोष शास्त्राच्या माथी येतो.

स्नेहपाकाचे मृदु, मध्य व खर हे भेद आपण नस्य, पान-बस्ती व अभ्यंग या उपयोगानुसार योजतो. चित्रफितीचेही तसेच आहे. ती कोठे पाहिली जाणार हे आधी ठरवावे, त्यानुसार मोजमाप घ्यावे.

१) मूळ प्रत : संकलनासाठी कॅमेऱ्यातील मूळ फाईलच वापरावी. संदेशाद्वारे आलेली फाईल आधीच आकुंचित झालेली असते. तिच्यावर पुन्हा तोच संस्कार झाल्यास गेलेला तपशील परत येत नाही. संकलन संपल्यावर उत्तम दर्जाची एक प्रत जपून ठेवावी व इतर सर्व प्रती तिच्यापासून कराव्यात.

२) गती : आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चित्रांची गती सोयीची पडते, दिव्यांची लुकलुक टाळणे सुलभ होते. ज्या गतीने चित्रण केले त्याच गतीने एक्स्पोर्ट करावे. मोबाइलच्या चित्रणात गती कमी-अधिक होत असते, त्यामुळे ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. हँडब्रेक या विनामूल्य प्रणालीने गती आधी स्थिर करून घ्यावी.

३) स्वरूप : एमपी४ फाईल, चित्रासाठी २००३ साली प्रमाणित झालेले एच.२६४ व ध्वनीसाठी एएसी, ही जोडी बहुतेक संगणकांवर व मोबाइलवर चालते. एच.२६४ मध्ये काही चित्रे पूर्ण साठविली जातात. मधल्या चित्रांतील केवळ बदल नोंदविले जातात. म्हणून स्थिर बसून केलेल्या निरूपणास थोडी माहिती पुरते. उकळता काढा, वाफ, हलणारी पाने यांना अधिक लागते.

४) बिटरेट : मेगाबिट गुणिले सेकंद भागिले ८, म्हणजे मेगाबाइट. ५ मिनिटांची चित्रफीत सेकंदाला ८ मेगाबिटने काढल्यास ३०० मेगाबाइटची होते, २.५ मेगाबिटने सुमारे ९४ मेगाबाइटची. यूट्यूबसारखे स्थळ आपल्या फाईलवर पुन्हा स्वतःचा संस्कार करते, म्हणून तेथे १९२० × १०८० आकाराची, ८ मेगाबिटची फाईल द्यावी. स्वतःच्या संकेतस्थळावर थेट ठेवावयाच्या निरूपणास १२८० × ७२० आकार व २.५ मेगाबिट बहुधा पुरेसे होतात. तेथे ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे फाईलची अनुक्रमणिका आरंभी येते व संपूर्ण फाईल उतरण्याआधीच चित्र सुरू होते.

५) रंग : नव्या मोबाइलवरील एचडीआर चित्रण साध्या पडद्यावर फिकट वा भडक दिसू शकते. जिव्हेचा वर्ण किंवा तैलाचा रंग दाखवावयाचा असल्यास एचडीआर बंद ठेवून चित्रण करावे व एक्स्पोर्ट ‘रेक ७०९’ या रंगमानात करावे.

६) रुग्ण व कायदा : रुग्णाची लेखी संमती घ्यावी. चेहरा झाकावयाचा असल्यास तो संकलनातच झाकावा. मागील फलकावरील नावे, केसपेपर, ध्वनीतील उल्लेख व फाईलमध्ये आपोआप नोंदले जाणारे स्थान हेही तपासावे. औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ यातील जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश वा ध्वनीद्वारे केलेली घोषणाही येते. त्याच्या अनुसूचीत मधुमेहादी रोगांचा समावेश आहे. अशा रोगांवर औषध सुचविणारे वाक्य संकलनातच वगळावे.

सिद्ध झालेली फाईल साध्या मोबाइलवर, सामान्य जोडणीवर, एकदा ध्वनीसह व एकदा ध्वनीविना आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी. विषयाचे जे लक्षण दाखवावयाचे ते लहान पडद्यावर स्पष्ट दिसत नसेल, तर बिटरेट वाढवून मूळ प्रतीवरून पुन्हा एक्स्पोर्ट करावे. पाकपरीक्षेविना आपण औषध बरणीत भरत नाही. चित्रफीत प्रसृत करतानाही हीच शिस्त पाळावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.