आधी वही, मग हार्ड डिस्क

घरातला गाण्यांचा आणि चित्रफितींचा साठा लावायला घेतला की बहुतेक जण आधी कपाट विकत आणतात आणि मग हार्ड डिस्क. दोन्ही लागतात, पण पुढे. तुळजापूरला मामाच्या घरचा साठा लावताना सगळ्यात आधी लागली ती दोनशे पानी वही आणि एक मार्कर.

मामाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा घेतला. पुढची बरीच वर्षं तुळजापूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातली लग्नं, बारशी, स्नेहसंमेलनं आणि जत्रा त्याने टिपल्या. गिऱ्हाइकाला प्रत जायची, मूळ कॅसेट घरी राहायची. शिवाय गाण्यांचा नाद होताच. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्या, टी-सिरीजच्या कॅसेटी, देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानांतून घेतलेल्या आराधी गीतांच्या आणि कीर्तनांच्या कॅसेटी, नंतर व्हीसीडी, एमपीथ्रीच्या सीडी, पेन ड्राइव्ह. हे सगळं जुन्या माळवदाच्या खोलीत, ट्रंकांत आणि चपलांच्या खोक्यांत. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार असतं, पण वरच्या फळ्यांच्या फटींतून बारीक माती सतत झरत असते. फितीला मातीइतका वाईट शेजार नाही.

पहिला नियम असा, की काहीही हलवण्यापूर्वी ते कुठे होतं याची नोंद करायची. मामाने ट्रंका लग्नसराईप्रमाणे भरल्या होत्या. त्यामुळे नाव नसलेली कॅसेट कोणत्या दोन कॅसेटींच्या मध्ये सापडली, यावरून तिचं साल लागत होतं. ती आधीच वर्णानुक्रमे लावली असती, तर हा धागा तुटला असता. म्हणून ट्रंक १, थर १, मग कॅसेट, अशी नोंद केली. नंतर प्रकारानुसार क्रमांक दिले: तबकडीला ‘त’, ध्वनिफितीला ‘ध’, व्हीएचएसला ‘व’, सीडी-डीव्हीडीला ‘स’. हा क्रमांक वस्तूवर, डबीवर आणि वहीत, तिन्ही ठिकाणी. डब्या अदलाबदल झालेल्या असतातच. लता मंगेशकरांच्या डबीत कुणाच्या तरी साखरपुड्यातली भाषणं निघाली.

क्रमांक टाकतानाच कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा लहानसा चौकोन, म्हणजे टॅब, पाहायचा. तो तोडला की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. कंपनीच्या कॅसेटींत तो आधीच तोडलेला असतो. पण कोरी कॅसेट महाग वाटायची त्या काळी लोक तिथे कागदाचा बोळा कोंबून किंवा चिकटपट्टी लावून जुन्या गाण्यांवर नवं भरत. म्हणून चिकटपट्टी लावलेली कॅसेट दिसली, की वरच्या छापील नावावर विश्वास ठेवायचा नाही. आम्ही अशा कॅसेटींचा वेगळा ढीग केला आणि घरची बरीचशी रेकॉर्डिंगं त्याच ढिगात निघाली.

मग आधी काय वाचवायचं हे ठरवायचं. बाजारात हजारोंनी खपलेल्या कॅसेटची प्रत कुणाकडे तरी असणारच. तबकड्यांच्या बाबतीत तर १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून मोठं काम केलं आहे. तबकडी ओळखण्याची त्यांची रीत घरीही उपयोगी पडते. लेबल फाटलं असलं तरी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक उजेडात तिरकी धरली की वाचता येतो, आणि तोच नोंदवायचा. याउलट १९९१ सालच्या एखाद्या लग्नाची मूळ कॅसेट जगात एकच. म्हणून घरची चित्रफीत पहिली, घरची ध्वनिफीत दुसरी, विकतचं सगळं शेवटी.

व्हीएचएस कॅसेट यंत्रात घालण्याआधी खिडकीतून फितीच्या कडा बघायच्या. काळ्याभोर फितीवर पांढरी भुरभुर दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट चालवली की बुरशी यंत्राच्या फिरत्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना प्रसाद मिळतो. ती बाजूला ठेवायची आणि जाणकाराकडेच द्यायची. यंत्र जपायला हवं, कारण नवं मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले आणि ते उत्पादन जगभरात थांबलं. आमचं यंत्र सोलापूरच्या एका जुन्या मेकॅनिकने रबरी पट्टे बदलून चालू करून दिलं.

ध्वनिफितीत बिघाड छोटे असतात. कॅसेटच्या तोंडाशी फीत दाबून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा असतो. त्याचा गोंद सुटला की आवाज बसल्यासारखा येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर ती उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटमधला तुकडा लावता येतो. चिकटवलेल्या कॅसेटची फीतच नव्या खोळीत घालावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते, रुंदी चार मिलिमीटरपेक्षा कमी. पंख्याखाली हे काम करू नये.

आवाज दबलेला वाटतो याचं आणखी एक कारण हेडचा कोन. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो केसभर फिरवला, की कुठेतरी एका जागी टाळ-झांजांची किणकिण एकदम मोकळी होते. ज्या यंत्रावर ती कॅसेट भरली गेली, त्याच्या कोनाशी आपला कोन जुळला, एवढाच त्याचा अर्थ. संगणकावर नंतर कितीही कळा दाबल्या तरी फितीवरून नीट उचललाच न गेलेला आवाज परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक कॅसेटला हे मिनिट द्यावंच लागतं.

या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी एका छोट्या कॅप्चर उपकरणातून संगणकाला जोडायच्या आणि बसायचं. मधेच वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून यंत्र आणि संगणक दोन्ही यूपीएसवर. आवाजाची मूळ फाइल न दाबता, वेव्ह स्वरूपात ठेवायची. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज सुमारे १० एमबी जागा घेतो. त्यातून ऐकण्यासाठी एमपीथ्री वेगळी करायची. मूळ फाइल गाडीत, मोबाइलवर वाजवायची नाही.

इथवरचं काम यंत्राचं. ते कुणालाही पैसे देऊन करून घेता येतं. खरं काम स्क्रीनसमोर मामीला बसवल्यावर सुरू झालं.

आमच्या भागात बहुतेक घरांची कुलस्वामिनी तुळजाभवानी. लग्नानंतर गोंधळ घातला जातो. त्यामुळे मामाच्या लग्नाच्या कॅसेटींच्या शेवटी, वरातीनंतर, गोंधळ टिपलेला आहे: मांडलेला चौक, घट, दिवटी, संबळ, तुणतुणं. पूर्वरंगातलं देवतांचं आवाहन पुष्कळदा पूर्ण आहे. उत्तररंगातलं आख्यान मात्र कॅसेट संपत आली म्हणून तुटक. जिथे मामाने कॅमेरा स्टँडवर लावून सोडून दिला, तिथे आख्यान अखंड मिळतं. कुणी संशोधनासाठी हे केलं नव्हतं. घरच्यांनी नवरा-नवरीसाठी पैसे दिले आणि गोंधळ आपोआप जपला गेला.

पण संबळ वाजवणारा कोण? कॅसेटवर नवऱ्या मुलाचं आडनाव आणि ‘लग्न’ एवढंच. मामाला आता ऐकू कमी येतं आणि तो गावांची गल्लत करतो. मामीने एका गोंधळ्याला हातवाऱ्यांवरून ओळखलं, दुसऱ्याचं गाव त्याच्या बोलीवरून सांगितलं. नवरीची आत्या, पंगतीत वाढणारा, कोपऱ्यात रुसून बसलेली वरमाई अशी नावं ती सांगत गेली आणि मी मिनिट-सेकंदासह वहीत लिहीत गेलो.

एका कॅसेटवर फक्त ‘लोहारा बाजू’ असं लिहिलं होतं. वरात दगडी भिंतींच्या अरुंद बोळातून चालली होती. मामी म्हणाली, “थांब की जरा. ही वेस बघ. हे जुनं सास्तूर हाय.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात ते सास्तूर जमीनदोस्त झालं आणि गाव नव्या जागी वसलं. वरातीमागे दिसणारे ते बोळ आता नाहीत. मामी तिथे नसती, तर ही कॅसेट ‘अनोळखी लग्न’ म्हणून खालच्या खणात गेली असती.

नोंदीने काय साधतं, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या चमूने गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात, हे सोबत लिहून ठेवलं. म्हणूनच दोन-तीन दशकांनंतर लोक त्याच गावांत, त्याच बायांकडे पुन्हा जाऊ शकले.

वहीतली नोंद मग फाइलच्या नावात उतरते. नावाची सुरुवात सालाने, मग महिना, मग दिवस: ‘१९९१-०५-१२’. असं केलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. त्यापुढे गाव, प्रसंग आणि कॅसेटचा क्रमांक. तारीख नक्की नसेल तर फक्त साल. शुद्धलेखन मात्र एकच ठरवायचं, नाहीतर ‘तुळजापुर’ शोधताना ‘तुळजापूर’ची लग्नं हाती लागत नाहीत.

आता कपाट. कॅसेटी आडव्या रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. फीत पूर्ण एका टोकाला गुंडाळलेली असावी. स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब, पत्र्याच्या खोलीत कधीच नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली प्लॅस्टिक वाकडं होतं. सीडीवर बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये. तिचा चकाकता थर लेबलाच्या बाजूलाच, अगदी वर असतो. फाइलींच्या तीन प्रती: एक संगणकावर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक पुण्याला मावसबहिणीकडे. नुसती पडून राहिलेली डिस्क कधी बंद पडते ते कळत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा लावून बघायची. आम्ही त्यासाठी शारदीय नवरात्र आणि चैत्री पौर्णिमा धरली आहे. तेव्हा पुण्याची मंडळी तुळजापूरला येतातच आणि येताना डिस्कही आणतात.

ज्यांच्या लग्नाच्या कॅसेटी आहेत, त्यांना प्रत देतो. त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही काही टाकत नाही.

तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल. व्हीसीआर सापडेपर्यंत, पैसे जमेपर्यंत कॅसेटी आणखी दोन-चार वर्षं कशाबशा तग धरतील. त्यातली माणसं ओळखणारी आजी किंवा मामी तेवढी थांबेलच असं नाही. तेव्हा या दिवाळीला यंत्र शोधायच्या आधी लग्नाचे अल्बम आणि कॅसेटींची खोकी घेऊन तिच्याशेजारी बसा आणि नावं लिहून घ्या.