तेल गळतें कोठून?

मोटारीखालीं तेलाचा काळा डाग दिसला, कीं पुष्कळ गृहस्थ मिस्त्रीस "सील बदला" असें सांगून मोकळे होतात. आमच्या मतें ही घाई खर्चाची आहे. तेल टपकतें तेथूनच तें गळतें असें नाहीं; वरच्या व्हॉल्व्ह-कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरलेलें तेलहि ओघळत खालींच येतें. म्हणून इंजिन प्रथम स्वच्छ पुसावें, कांहीं वेळ चालवावें, आणि बंद करून मग पाहावें. क्रँकशाफ्टच्या पुढील टोकास त्याचा कंप शमविणारें बॅलन्सर नांवाचें जड चाक असतें. त्यामागचें रबरी सील झिजलें असल्यास चाकाच्या फिरण्यानें तेल भोंवतालीं वर्तुळाकार उडालेलें आढळतें. वरचा भाग मात्र कोरडा असतो.

तरीहि नवें सील कधीं कधीं गळतेंच. जुन्या सीलाच्या कडेनें वर्षानुवर्षें घासून बॅलन्सरच्या हबवर चर पाडलेला असतो. तो नखास लागतो. रबरानें धातु झिजावा, हें नवलच! तेथें पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी लागते. शिवाय इंजिनाच्या पोटांतील वाफा बाहेर काढणारी पीसीव्ही झडप तुंबली असेल, तर आंतला दाब नव्या सीलांतूनहि तेल लोटतो. ही झडप स्वस्त असते. सील काढण्यापूर्वीं मिस्त्रीकडून तीच तपासून घ्यावी.