छायाचित्रांची खतावणी

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहारा आणि सराफा यांच्या सान्निध्यात, कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले, त्याचे हे स्मारक. नागपूरकर भोसल्यांचा अंमल पाहिलेल्या या शहरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. अशा एखाद्या घरातील ट्रंकेत त्या अधिवेशनाच्या मिरवणुकीचे पिवळे पडलेले छायाचित्र निघाले, तर ते स्कॅन करून संगणकावर ठेवण्याचा विचार साहजिकच मनात येतो. खरी अडचण तेथूनच सुरू होते.

संगणक त्या छायाचित्रावर तारीख घालतो ती स्कॅन केल्याच्या दिवसाची. १९३९ हे साल त्याला ठाऊक नसते. चित्रात काय आहे, हेही तो अचूक सांगू शकत नाही. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने आजारी होते. बावन्न हत्तींच्या त्या मिरवणुकीत त्यांची केवळ प्रतिमा होती. तेव्हा ‘सुभाषबाबू’ एवढीच नोंद केली, तर ती दिशाभूल करणारी ठरेल. आणि रथालगत उभा असलेला टोपीवाला मुलगा कोण, हे कदाचित घरातील आजीच सांगू शकतील.

बाजारात मिळणाऱ्या प्रणाली दोन निराळी कामे करतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. डाग काढणे, उजेड वाढवणे, कातरणे हे संपादन. त्यासाठी फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणारी गिंप पुरेशी आहे. नाव, साल, स्थळ यांच्या आधारे हजारो चित्रांतून नेमके एक काढून देणे ही सूची. लाइटरूम (२००७ पासून) व विनामूल्य डिजिकॅम या प्रणाली दोन्ही कामे करतात. ग्राहक बहुधा संपादनाच्या चमत्कारांवर भाळून निवड करतो. पश्चात्ताप मात्र सूचीपायी होतो.

कारण प्रश्न असा की, आजींनी सांगितलेले नाव नेमके कोठे लिहिले जाते? काही प्रणाली ते आपल्या खासगी खतावणीत लिहितात, काही प्रत्यक्ष चित्राच्या फाइलमध्ये. पिकासाचे उदाहरण बोलके आहे. गूगलने ती २००४ मध्ये घेतली, फुकट वाटली आणि असंख्य घरांनी तिच्यावर विसंबून आपली चित्रे लावली. मार्च २०१६ मध्ये तिचा आधार काढून घेण्यात आला. चित्राखालचा मजकूर जेपेग फाइलमध्येच लिहिलेला असल्याने तो वाचला. अल्बमांची रचना मात्र पिकासाच्या खतावणीत होती. चेहऱ्यांना दिलेली नावेही, वेगळा पर्याय निवडला नसेल तर, तिच्याच फाइलींत राहिली. ‘जतन करा’ ही कळ न दाबता केलेली दुरुस्ती तर दुसऱ्या प्रणालीत दिसतच नाही. तेथे मूळचे पिवळे चित्रच समोर येते. ॲपलच्या ॲपर्चरचा विकास थांबवल्याची घोषणा २०१४ मध्ये झाली, म्हणजे पैसे मोजणाऱ्यांचीही सुटका नव्हती. लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबली, तरी सूची पाहता येते. संपादनाचा विभाग मात्र बंद होतो.

म्हणून लाइटरूम असो वा डिजिकॅम, नोंदी फाइलमध्ये लिहिण्याची सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी. एक्सएमपी या पद्धतीने लिहिलेली नोंद बहुतेक प्रणाली वाचू शकतात आणि तिच्यात देवनागरीही नीट बसते. तिच्याआधीच्या आयपीटीसी रकान्यात एका खूणशब्दाला ६४ बाइट एवढीच जागा असे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. ‘कमानिया गेट’ तेथे मावते. ‘त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन’ ७१ बाइटांचे असल्याने शेपूट तुटण्याचा धोका असतो.

प्रणाली बदलताना काय करावे, हे बँकेच्या कर्मचाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शाखांची खाती केंद्रीय प्रणालीत नेताना जुन्या-नव्या शिलकांचा मेळ घ्यावा लागला होता, येथेही तेच. आधी सर्व चित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. मग पन्नासएक चित्रे नव्या प्रणालीत नेऊन पाहावीत: नावे आली का, सालाच्या जागी १९३९ आहे का, एका चित्राच्या दोन प्रती तर झाल्या नाहीत ना? दुरुस्त केलेली चित्रे जुन्या प्रणालीतून स्वतंत्र जेपेग म्हणून बाहेर काढावीत, कारण एकीच्या दुरुस्तीच्या सूचना दुसरीला सहसा कळत नाहीत. मूळ स्कॅन मात्र शेजारी तसाच ठेवावा. एकूण संख्या जुळली, तरी चारसहा चित्रे उघडून नावे वाचावीत. आजी घरात असतील, तर त्यांना शेजारी बसवून. ‘कमानिया गेट’ असा शोध घेतल्यावर जुन्या प्रणालीत बारा चित्रे येत असतील आणि नव्या प्रणालीत नऊ, तर उरलेली तीन सापडेपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये.